वाजणारं पिस्तूल

चेअरमननी पिस्तूल कानाशी धरलं आणि नारळ हलवावा तसं हलवलं. आतून खुळखुळ आवाज आला.

"ढिलं हाय," ते माझ्या वडिलांना म्हणाले. "घट्ट करून दे."

हे कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये घडलं, श्रावणात, दुपारच्या सुट्टीच्या थोडं आधी. मी तिथे नव्हते. वडिलांनी मला त्याच आठवड्यात सांगितलं, नंतरच्या वर्षांत आणखी दोनदा सांगितलं. तिन्ही वेळा तपशील तेच होते, म्हणून इथे देते. पुढचं बरंचसं मी स्वतः पाहिलेलं आहे.

वडील फौजेत आर्मरर होते. हत्यारं उघडायची, तपासायची, दुरुस्त करून परत द्यायची, हे त्यांचं काम. निवृत्त होऊन आले आणि जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात फिटर म्हणून लागले. हंगामी. म्हणजे ऊस आहे तोवर काम, गाळप संपलं की घरी. पावसाळ्यात मशिनरीच्या दुरुस्तीसाठी काही हंगामी लोकांना बोलावत, त्यात ते असत. असे नऊ हंगाम झाले होते.

त्या वर्षी काही हंगामी लोकांना कायम करायचं संचालक मंडळानं ठरवलं होतं. यादी चेअरमन करणार होते. एरवी वडिलांनी याची फार वाच्यता केली नसती, पण ते दुष्काळाचं सलग दुसरं वर्ष होतं. जो काही ऊस उभा होता तो कापून जनावरांच्या छावणीत चाऱ्याला जात होता. कारखाना पेटेल का, पेटला तर किती दिवस चालेल, हे कुणी सांगत नव्हतं. हंगामच नसेल तर हंगामी माणूस कोण, असं वडील एकदा जेवताना म्हणाले.

पिस्तूल बत्तीस बोअरचं होतं, सरकारी कारखान्यात बनलेलं, रीतसर परवान्याचं. आमच्या जिल्ह्यात याचं कुणाला नवल नव्हतं. लग्नाच्या पंगतीत वाढायला वाकलेल्या पुढाऱ्याचा पांढरा सदरा वर सरकला की कमरेचं चामडं दिसायचं, आणि बायकासुद्धा दुसरीकडे बघून पुढची पोळी वाढायच्या. चेअरमनचं पिस्तूल चार वर्षं कमरेला होतं आणि त्यांनी त्याविषयी कधी तक्रार केली नव्हती. मग कारखान्याच्या गेस्ट हाउसवर शेजारच्या जिल्ह्यातले एक पाहुणे उतरले. त्यांच्याकडे जुनं परदेशी पिस्तूल होतं. दोन्ही टेबलावर ठेवली गेली. दोन्ही हलवून पाहिली गेली. पाहुण्यांचं वाजलं नाही.

वडिलांनी चेअरमनना समजावायचा प्रयत्न केला. पिस्तुलाचा वरचा भाग, ज्याला स्लाइड म्हणतात, तो प्रत्येक गोळीला मागे जातो, रिकामं टरफल बाहेर फेकतो, पुढे येताना नवीन गोळी नळीत ढकलतो. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं. त्याला सरकायला जागा लागते. त्या जागेचा हा आवाज आहे, बिघाडाचा नाही. फौजेतली पिस्तुलं याहून जास्त वाजत, आणि चिखलातून काढून झटकली तरी चालत.

"साहेब, नारळ वाजला की आपण घेतो," ते म्हणाले. "मग पिस्तूल वाजलं तर नको कावून?"

चेअरमन हसले. त्यांच्यासोबतचे लोकही हसले. मग चेअरमन म्हणाले, "तुझ्या हाताला लई कसब हाय म्हणत्यात. जमत नसंल तर तसं सांग."

एवढंच. जाताना दाराशी थांबून त्यांनी वर्कशॉपच्या सुपरवायझरला विचारलं की यादीसाठी नावं दिली का. सुपरवायझर म्हणाला, देतो. पिस्तूल लेथच्या शेजारी कपड्यात गुंडाळलेलं राहिलं.

इथे एक गोष्ट नोंदवायला हवी. परवाना पिस्तूल बाळगण्याचा होता आणि तो चेअरमनच्या नावावर होता. बंदुका दुरुस्त करायला वेगळा परवाना लागतो. तो माझ्या वडिलांकडे नव्हता. हे त्यांना माहीत होतं.

मी तेव्हा बीडला एका दैनिकात वार्ताहर होते. खोली घेऊन राहायचे आणि रविवारी एसटीनं चौसाळ्यापर्यंत येऊन पुढे जीपनं घरी जायचे. त्या रविवारी वडील ओट्यावर बसले होते आणि हातातली काडेपेटी उघडत होते, मिटत होते. मी आले तरी थांबले नाहीत. आईनं सांगितलं, चार दिवस हेच चाललंय, दोन पेट्या फाटल्या.

"हे बघ," ते म्हणाले. एक काडेपेटी जुनी होती, तिची आतली खोकी सैल झाली होती. दुसरी नवी. त्यांनी खिडकीच्या कडेवरची धूळ चिमटीत घेतली. त्या वर्षी धूळ शोधायला लागत नसे. चिमूट दोन्ही पेट्यांत सोडली. जुन्या पेटीची खोकी सरसर आत-बाहेर झाली. नवी निम्म्यात अडकली. त्यांनी अंगठ्यानं जोर लावला तेव्हा तिची कड दुमडली.

मी म्हटलं, मग पाहुण्यांचं ते परदेशी पिस्तूल वाजत का नव्हतं? ते खराब होतं का?

नाही, ते म्हणाले, ते चांगलं असणार. तिथे कुणीतरी महिना-दोन महिने बसून एकेक भाग दुसऱ्यासाठी घासून बसवला असेल. जिथे धरून राहायला हवं तिथे धरलेलं, जिथे सरकायला हवं तिथे मोकळं. असं हत्यार निशाणही जास्त चांगलं साधतं. पण ते डोळ्यागत जपावं लागतं, आणि बसवणाऱ्याला घाई असून चालत नाही.

"त्याला नेमकं म्हणत्यात," ते म्हणाले. "ह्यांना घट्ट पायजे. नेमकं येगळं आन घट्ट येगळं."

मी विचारलं, मग काय करणार?

"घट्ट करनार."

अकरा दिवस ते दुपारच्या सुट्टीत काम करत होते. डबा तसाच घरी यायचा. त्यांचं मन त्यात नव्हतं, पण हातानं कुचराई केली नाही. मला वाटतं त्यांना त्याचाच जास्त त्रास होत होता. वाईट काम चांगल्या हातानं चाललं होतं. ते घरी आल्यावर सांगत की ऊस पिळणाऱ्या रोलरचा बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ते कडं, जास्त घट्ट बसवला तर तापतो, वंगणाला आत जागा राहत नाही, हे त्याच कारखान्यातला कालचा हेल्परही जाणतो. मग कमरेला लावायच्या वस्तूला तोच नियम का नाही? आई म्हणायची, तुम्ही हे मला कशाला सांगता, त्यांना सांगा. ते म्हणायचे, सांगितलं.

काम झाल्यावर पिस्तूल खरोखर देखणं झालं. मी ते पाहिलं नाही, पण सुपरवायझर सांगायचा की स्लाइड तुपावरून सरकल्यासारखी मागे यायची. चेअरमननी ते कानाशी धरलं, हलवलं. काही ऐकू आलं नाही. त्यांनी ते सोबतच्या प्रत्येकाच्या कानाशी धरलं. वडिलांनी तीन गोष्टी सांगितल्या. तेल थेंबभरच लावा. आठवड्याला उघडून पुसा, धुळीत उघडं ठेवू नका. आणि भरपूर गोळ्या झाडून ते सरावाचं होईपर्यंत त्याच्यावर भरवसा ठेवू नका. तिसरी गोष्ट तर होण्यासारखीच नव्हती, कारण परवान्यावर वर्षाला ठरावीकच काडतुसं मिळत. चेअरमननी मान डोलावली. ते अजून आवाज येत नाही हेच ऐकत होते.

नवरात्र आलं. ऊस कमी असूनही कारखान्यानं दसऱ्याला बॉयलर पेटवायचं ठरवलं. अग्निप्रदीपनाची बातमी करायला मला पाठवलं होतं, म्हणून मी आदल्या दिवशीच, खंडेनवमीला, पोहोचले.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची आणि अवजारांची पूजा होते. वर्कशॉपमध्ये लेथ धुऊन पुसला होता. पान्हे, हातोडे, वडिलांच्या कानशी लाल कापडावर ओळीनं मांडल्या होत्या. झेंडू महाग होता, त्यामुळे एकेका अवजाराला एकेक फूल. मधोमध पाटावर चेअरमनचं पिस्तूल ठेवलेलं होतं. त्याला तीन फुलं होती. पूजेला ते चकाकलं पाहिजे म्हणून ड्रायव्हरनं त्याच्यावर सकाळीच खोबरेल तेल चोळलं होतं, सढळ हातानं. गुरुजींनी हळद वाहिली, कुंकू वाहिलं, अक्षता वाहिल्या. मग चेअरमननी, मग प्रत्येक संचालकानं. एक जण पिस्तुलाच्या पुढच्या तोंडाशी वाहत होता, एक मागे. तेलावर पडलेली हळद तिथेच ओली होत होती.

वडील माझ्यापासून दोन हातांवर उभे होते. त्यांनी अक्षता वाहिल्या नाहीत. त्या त्यांच्या मुठीतच राहिल्या.

आरती झाल्यावर ते ड्रायव्हरकडे गेले आणि म्हणाले की पिस्तूल तासभर दे, उघडून पुसून देतो. ड्रायव्हरला धक्काच बसला. खंडेनवमीला पुजलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत हलवायचं नसतं. कानसही हलवायची नसते, त्या दिवशी वर्कशॉप बंदच असतं. "तुमीच रीत मोडाया लागले तर," तो म्हणाला, आणि वाक्य सोडून दिलं.

वडील तिथून चेअरमनच्या बंगल्यावर गेले. मी सोबत होते. आत बैठक चालू होती. पाऊण तास आम्ही लिंबाखाली उभे राहिलो. शिपाई एकदा बाहेर आला, काय काम म्हणून विचारलं. पिस्तुलात हळद गेलीय, असं वडिलांनी सांगितलं. शिपायानं तोच निरोप आत दिला असावा, कारण आतून मोठ्यानं हसल्याचा आवाज आला. परत येऊन तो म्हणाला, "साहेब म्हणत्यात, हळद लागली म्हंजी आता लगीन लावू." आणि तोही हसला.

दसऱ्याला बॉयलर पेटला. मी फोटो घेतले, भाषणाच्या नोंदी घेतल्या. अकराच्या सुमारास सगळे कारखान्यामागच्या मुरमाच्या खदानीकडे निघाले. दसऱ्याला तिथे एक-दोन बार काढायचे अशी त्यांची पद्धत पडली होती. परवान्यात हे बसत नाही, पण तिथे हे कुणी विचारत नसे. वीसेक माणसं होती. मला कुणी बोलावलं नव्हतं आणि कुणी अडवलंही नाही. वडिलांना बोलावलं होतं. हातकाम त्यांचं, म्हणून चेअरमननी त्यांना पुढे उभं केलं.

वारा होता. खदानीतून पांढरी धूळ वर येऊन पुन्हा खाली बसत होती.

पहिली गोळी नीट सुटली. समोरच्या मुरमाच्या भिंतीत माती उडाली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. चेअरमननी पुन्हा चाप ओढला. काही झालं नाही. पुन्हा ओढला. मग त्यांनी पिस्तूल जवळ घेऊन पाहिलं.

मी त्यांच्या डाव्या बाजूला सात-आठ पावलांवर होते. मला फक्त पिस्तूल दिसलं. वडिलांना जे दिसलं ते त्यांनी नंतर सांगितलं. स्लाइड पुढे येता येता थांबली होती, पूर्ण मिटली नव्हती. तांदळाच्या दाण्याएवढी फट राहिली होती. नवी गोळी नळीत जवळजवळ बसलेली होती. अशा वेळी पिस्तूल बिघडलंय असं वाटतं, पण ते बिघडलेलं नसतं, थांबलेलं असतं. एक हिसका बसला की मिटतं, आणि मिटलं की तयार असतं. चेअरमनचं बोट अजून चापावर होतं.

चेअरमननी पिस्तूल कानाशी नेलं.

हे मी पाहिलं. त्यांनी विचार केला असेल असं मला वाटत नाही. त्यांची ती सवय झाली होती. नळीचं तोंड वर, कानाच्या पाळीला टेकलेलं, आणि ते हलवायला लागले.

वडिलांनी त्यांचं मनगट धरलं आणि हात खाली ओढला. जोरात ओढला. चेअरमन अर्धे वाकले. त्या हिसक्यानं स्लाइड मिटली, बोट चापावर दाबलं गेलं आणि बार उडाला. गोळी दोघांच्या पायांमध्ये मुरमात गेली. चेअरमनच्या पांढऱ्या धोतरावर माती उडाली.

वडिलांनी दुसऱ्या हातानं पिस्तूल त्यांच्या मुठीतून सोडवलं, गोळ्यांचं मॅगझिन काढलं, स्लाइड जोर लावून मागे घेतली, नळीत काही नाही हे बोट घालून पाहिलं. बोट बाहेर आलं ते पिवळं होतं. त्यांनी ते चेअरमनना दाखवलं नाही, स्वतःच्या धोतराला पुसलं. मी जवळ होते म्हणून मला दिसलं.

चेअरमन आपल्या मनगटाकडे पाहत होते. "हात कुणाचा धरला कळतंय का बे?" ते म्हणाले. आवाज मोठा नव्हता.

"कळतंय, साहेब."

"एवढं घट्ट कुणी केलं हे?"

वीस माणसं ऐकत होती. तुम्हीच सांगितलं होतं, असं म्हणता आलं असतं. पूजेचं सांगता आलं असतं, ड्रायव्हरचं, खोबरेलाचं. सुपरवायझर तिथेच होता, त्याची मान खाली होती.

"मीच केलं," वडील म्हणाले. "नको कराया पायजे होतं."

चेअरमन गाडीकडे चालू लागले. बाकीचे मागे गेले. पिस्तूल आणि मॅगझिन वेगवेगळ्या हातांत धरून वडील उभे राहिले, तेव्हा ड्रायव्हर परत आला आणि दोन्ही घेऊन गेला.

त्या संध्याकाळी मी अग्निप्रदीपनाची बातमी पाठवली. बॉयलर, पूजा, चेअरमनच्या भाषणातली दोन वाक्यं, दुष्काळातही गाळप होणार ही ग्वाही. खदानीविषयी एक शब्द नव्हता. वडिलांनी मला तसं सांगितलं नव्हतं. त्यांनी काहीच सांगितलं नव्हतं. लिहिलं असतं तर चेअरमनबरोबर परवान्याशिवाय हत्यार दुरुस्त करणारा माणूसही बातमीत आला असता, आणि तो कोण हे मला छापावं लागलं असतं. हे कारण खरं आहे. ते पुरेसं होतं का, हे मी नंतर अनेकदा तपासलं आहे.

आठवड्यानं ड्रायव्हर घरी आला. पिस्तूल कपड्यात होतं. साहेबांचा निरोप होता, पहिल्यासारखं वाजतं करून द्या.

वडिलांनी त्याला पाणी दिलं. गाठोडं उघडलं नाही. "लायसन असलेल्याकडं न्या म्हनावं," ते म्हणाले. "मी हंगामी माणूस हाय. माज्यावर कशाला भरवसा ठेवता."

आई आतून ऐकत होती. ड्रायव्हर गेल्यावर तिनं विचारलं की यादी लागायच्या आधी असं बोलायची काय गरज होती. वडील म्हणाले, गरज आधी होती, श्रावणात, तेव्हा नाही म्हणालो नाही.

यादीसाठी आम्ही तीन आठवडे वाट पाहिली. वडील रोज कामावर जात आणि रोज आल्यावर नोटीस बोर्डाकडे बघितलंच नाही असं सांगत. ऊस संपत आला होता, गाळप अडखळत चाललं होतं. मी बीडहून फोन केला की आई आधी यादीचं सांगायची, मग टँकरचं.

यादी बोर्डावर लागलीच नाही. पाकिटं आली. त्या रविवारी मी घरीच होते. कारखान्याचा शिपाई, तोच लिंबाखाली हसलेला, सायकलवरून आला, लांबट पांढरं पाकीट वडिलांच्या हातात दिलं आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "साहेब म्हनले, ताईची बातमी झ्याक होती. बॉयलरची."

तो गेला. वडील माझ्याकडे बघत नव्हते. पाकीट चांगलं चिकटवलेलं होतं, चारी कडा बंद. कायम केल्याचं असेल, तर ते हात धरल्याबद्दल होतं की मी न लिहिल्याबद्दल? आणि घरी पाठवल्याचं असेल, तर शिपायानं बातमीचं का सांगितलं? मी हे मोठ्यानं बोलले नाही. त्यांच्या मनातही तेच चालू होतं हे मला त्यांच्या अंगठ्यावरून कळत होतं. तो पाकिटाच्या कडेवरून फिरत होता, फट शोधत.

मग त्यांनी पाकीट कानाशी धरलं आणि हलवलं.

"वाजत न्हाई," ते म्हणाले.

आई हसली. मला हसता आलं नाही.

पाकिटात कायम केल्याचा आदेश होता, पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून. ते कामावर गेले आणि निवृत्त होईपर्यंत जात राहिले. चेअरमननी पिस्तूल शहरातल्या परवानाधारक दुकानातून सैल करून आणलं. पुढे कधीतरी गेस्ट हाउसवर मी स्वतः पाहिलं, नव्या पाहुण्यांसमोर ते पिस्तूल कानाशी हलवत होते. मॅगझिन काढून टेबलावर ठेवलेलं होतं.

"ऐका," ते पाहुण्यांना सांगत होते. "वाजतंय. हत्यार वाजलंच पायजे."

घरी येऊन मी हे वडिलांना सांगितलं. त्यांनी विचारलं, मॅगझिन काढलं तरी नळीत एक गोळी राहू शकते, ती नाही हे पाहिलं होतं का त्यांनी? मी म्हटलं, ते मला दिसलं नाही. वडील ओट्यावरून उठले, दोनदा दारापर्यंत गेले आणि परत आले.